दोन संध्याकाळी, अर्धा रविवार आणि घड्याळ पाहून खायचं शहर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरहून दोघे मित्र कंपनीच्या कामासाठी जानेवारीत छत्रपती संभाजीनगरला येणार. शुक्रवार-शनिवार दिवसभर वाळूजच्या कारखान्यात, सहानंतर मोकळे, रविवारी दुपारी तीनच्या सुमारास परतीची गाडी. अजिंठा-वेरूळ आधीच पाहून झालंय. एक जण पट्टीचा मांसाहारी, दुसरा अंड्यालाही हात न लावणारा. "खाणं, थोडी संस्कृती आणि रात्रीची मजा, यासाठी चांगल्या दहा ठिकाणांची यादी द्या," असं म्हणणं आहे.

यादी देत नाही. मी बाहेरून येणाऱ्यांना या शहरात पायी फिरवतो. यादी खिशात घेऊन येणारे पाहुणे इथे हमखास चुकीच्या वेळी योग्य दारात उभे असतात. तुमच्या हातात दोन संध्याकाळी मिळून जेमतेम आठ-नऊ तास आहेत. अडचण तिथे आहे. ठिकाणं तुम्हाला कुणीही सांगेल, एखादा रिक्षावालाही सांगेल. कुठे किती वाजता पोचायचं आणि कशानंतर काय खायचं, हे सांगणारा सहसा भेटत नाही.

या शहरात दोन घड्याळं चालतात. गुलमंडी, औरंगपुरा, टिळक पथ, पैठण गेट हा बाजारपेठेचा पट्टा संध्याकाळी सहा-साडेसहाला भरतो आणि साडेनऊच्या आसपास शटर ओढायला लागतो. दुसरं घड्याळ सिटी चौकाच्या पलीकडचं, म्हणजे बुढीलेन, शहागंज, चंपा चौक, रोशन गेट या भागाचं. तिथल्या तंदूरसमोर खरी गर्दी साडेआठ-नऊनंतर होते आणि अकरापर्यंत टिकते. पाहुणे नेमकं उलटं करतात. कामावरून आले, खोलीवर आडवे झाले, नवाला अंघोळ करून निघाले, गुलमंडीवर पोचले तर झाडलोट चालू. मग वैतागून हायवेवरच्या कुठल्या तरी हॉटेलात पनीरची भाजी खाऊन परततात आणि सांगतात, "संभाजीनगरात रात्री काही नसतं."

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते आधीच सांगून टाकतो. रमजान चालू असेल तर खालचं अर्धं वेळापत्रक पालथं होतं. मांसाहारी खानावळी दिवसा बंद, इफ्तारपासून पुढे पहाटेच्या सेहरीपर्यंत गजबज, पैठण गेट ते शहागंज चालायला जागा नाही आणि एरवी क्वचित दिसणारं हलीम हंडे भरभरून. सण, मिरवणूक किंवा पोलीस बंदोबस्त असला की जुन्या शहरातलं सगळं तासभर आधी आवरतं. तुमच्या तारखा १४ जानेवारीला लागून असतील तर त्याचाही विचार करा. तो विद्यापीठाचा नामविस्तार दिन. १९९४ साली या दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर मराठवाडाभरातून लोक येतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, भीमगीतं चालतात. तारीख जुळत असेल तर खालचं काहीही रद्द करा आणि तिकडे जा.

मुक्काम कुठे, हे खाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. कंपनी वाळूजलाच खोली देत असेल तर शक्य असल्यास नम्रपणे नको म्हणा. क्रांती चौक, समर्थनगर, उस्मानपुरा, निराला बाजार या पट्ट्यात खोली घ्या. इथून गुलमंडी रिक्षाने दहा मिनिटांवर, रेल्वे स्टेशनही जवळ. वाळूजला राहिलात तर रात्री अकराला परतीची रिक्षा शोधण्यात सगळी मजा जाईल. कारखान्यातून सहाला निघालात तरी लगेच शहरात पोचू असं धरू नका. शिफ्ट सुटायच्या वेळी नगर नाका आणि छावणीचा भाग तुंबतो. म्हणून पिशवी खोलीवर टाका, तोंडावर पाणी मारा आणि तसेच बाहेर पडा. अंघोळ रात्री.

रिक्षाबद्दल एक गोष्ट. मोठ्या रस्त्यांवर शेअरिंग चालतं, म्हणजे माणशी सीट. पण रिकाम्या रिक्षात बसून नुसतं "गुलमंडी" म्हणालात तर चालक ती 'स्पेशल' समजतो आणि उतरताना वाद होतो. बसण्याआधीच "सीट की स्पेशल?" विचारा आणि स्पेशल असेल तर भाडं ठरवूनच पाय आत टाका. भाषेची काळजी नको. मराठी चालते, हिंदी चालते, आणि जुन्या शहरात दखनी, म्हणजे दक्षिणेकडची बोली उर्दू, कानावर पडते. त्यात "हौ", "नक्को" ऐकाल, शिवाय "मैंच बोला ना" मधला तो 'च'. तो मराठीचाच आहे, दखनीने आपल्याकडून उचललेला. नागपूरकरांना हा भाग ऐकायलाच मजा येईल.

शुक्रवार. सातला गुलमंडी. वाहन घेऊन आत शिरू नका. पैठण गेटला उतरा आणि टिळक पथाने चालत या. पहिलं काम इमरती. उत्तमची इमरती या शहरात कुणालाही विचारा. इमरती आणि जिलेबी एकच समजू नका. जिलेबी आंबवलेल्या मैद्याची, इमरती भिजवून वाटलेल्या उडदाच्या डाळीची. म्हणून इमरतीचा कडा फुगीर, आतून थोडी जाळीदार आणि चवीला डाळीचा हलका खमंगपणा. कढईतून पाकात आणि पाकातून थेट तुमच्या हातात आली तरच तिचा अर्थ. तासभर ताटात बसलेली इमरती पाक पिऊन जड होते. ताटात ढीग दिसला तर थोडं थांबा, नवा घाणा निघू द्या. दोघांत दोन नग पुरे. आत्ताच पोट भरून पुढे उपयोग नाही.

तुमच्या शाकाहारी मित्राचं शुक्रवारचं जेवण याच भागात उरकायचं. गुलमंडी-औरंगपुऱ्यात कचोरी, भेळ, दहीवडे, लस्सी असं फिरत-फिरत खाता येतं. बसून जेवायचं असेल तर क्रांती चौकाच्या बाजूला राजस्थानी-गुजराती थाळीची हॉटेलं आहेत. मी आधीचा पर्याय सुचवेन. थाळीत तास जातो आणि थाळी तुमच्या नागपुरातही मिळते. या पर्यायातली एकच चूक म्हणजे दोघांनी मिळून भरपूर चाट खाणं. मांसाहारी मित्राने सातला दोन कचोऱ्या हाणल्या तर नऊला त्याच्या पोटात कलियाला, म्हणजे रात्रीच्या मटणाला, जागा राहत नाही. त्याने चव घ्यावी, जेवण दुसऱ्याने करावं.

खाऊन झालं की गुलमंडीवरून मछलीखडकमार्गे सिटी चौक आणि तिथून सराफ्यातून शहागंजपर्यंत चाला. न थांबता वीसेक मिनिटं, पण थांबणार तुम्ही. सुपारी मारुतीचं देऊळ, कापडाची नि भांड्यांची दुकानं, अत्तरवाले, शेवटी शहागंजचा घड्याळाचा मनोरा. इकडेच राजाबाजारला संस्थान गणपती आहे, शहराचं ग्रामदैवत. गणेश विसर्जनाची मुख्य मिरवणूक तिथून निघते. हे सगळं १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेल्या खडकीच्या (या शहराचं मूळ नाव) पोटात आहे. गल्ल्या अरुंद का, वळणं अचानक का, याचं उत्तर त्या आराखड्यात आहे. मोटारीसाठी हे शहर आखलेलंच नाही.

आता नान-कलिया. यावर जरा जास्त वेळ घेतो, कारण पाहुण्यांची सगळ्यात जास्त निराशा इथेच होते आणि दोष पदार्थाचा नसतो.

गोष्ट सगळे सांगतात ती अशी की मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा फौजेबरोबर हे जेवण आलं. गोष्ट राहू द्या, पण पदार्थाची घडण खरोखर फौजेचीच आहे. एक मोठा हंडा, एक मोठा तंदूर, शेकडो माणसांना एकदम वाढता येईल असं. कलिया म्हणजे मसाल्यात सावकाश शिजवलेलं मटण, रस्सा पातळ, वर लाल तर्रीचा थर. इथला नान पंजाबी हॉटेलातल्या नानसारखा पातळ-लांब नसतो. खमीर घातलेल्या मैद्याचा, जाडसर, मऊ, वरून पिवळसर चकाकी असलेला.

बसल्यावर पहिला प्रश्न तुम्हीच विचारायचा: "छोटे का है या बडे का?" छोटे का म्हणजे बकऱ्याचं, बडे का म्हणजे म्हशी-रेड्याचं. दोन्ही चालतं, लपवाछपवी कुणी करत नाही, पण न विचारता पुढे आलं की मग तोंड कडू करण्यात अर्थ नाही. विचारायला लाजू नका, गल्ल्यावरच्या माणसासाठी हा रोजचा प्रश्न आहे. भावातही फरक असतो, तोही तिथेच कळतो.

दुसरं, नान एकदम चार मागवू नका. एकेक घ्या. मैद्याचा जाड नान तंदूरमधून आल्यावर पाच-सात मिनिटं मऊ राहतो, गार झाला की चिवट होतो आणि मग लोक म्हणतात, "नान रबरासारखा होता." रबर त्यांनीच टेबलावर केलेला असतो. माणशी दोन नान म्हणजे पोटभर जेवण. तिसरा मागवताना विचार करा.

तिसरं, तर्री. ती वरून ओतलेली शोभा नव्हे, मसाल्याचा रंग आणि वास त्या तेलात उतरलेला असतो. पण सवय नसेल तर रात्री जड जाते. नागपूरकरांना तर्रीचं भय नसावं, तर्री-पोह्यावर वाढलेली माणसं तुम्ही, पण सावजीच्या तिखटाची अपेक्षा घेऊन बसू नका. कलियाचा झणका जिभेवर लगेच येत नाही, घशात मागाहून येतो. जमत नसेल तर "तर्री कम" म्हणा, वाढणारा पळी खालून घालतो. खाण्याची रीत साधी आहे. नानचा तुकडा रश्शात बुडवून दोन क्षण धरायचा. भाजी उचलायला पोळी वापरतो तसा तो वापरला तर अर्धी चव गेली. रस्सा संपला तर पुन्हा मागा. बऱ्याच ठिकाणी हात आखडता नसतो, पण मटणाचे तुकडे मोजून येतात, ते आधी संपवून मग "अजून" म्हणू नका.

चांगला कलिया ओळखायचा कसा? तर्री आणि रस्सा वाटीत दोन थरांत स्पष्ट दिसले पाहिजेत. सगळं एकजीव लालगढूळ असेल तर ते घाईने उकळलेलं आहे किंवा पाणी वाढवलेलं आहे. मटण हाडापासून बोटाने सुटावं, पण रश्शात दोरे-दोरे होऊन विरघळलेलं नसावं. हंडा रिकामा होत आला की तळाचा मसाला करपट लागतो. म्हणून साडेदहानंतर पोचलात तर आधी हंड्यात डोकावा. बुढीलेनच्या बाजूला साडेआठ ते साडेनऊ ही सगळ्यात चांगली वेळ. रोशन गेटकडे कबाब आणि तव्यावरचे पदार्थ घेण्यासाठी दहा वाजले तरी चालतं. एका रात्रीत दोन्ही करायचंच असेल तर आधी थोडा कलिया, मग कबाब. उलटं केलंत तर कबाबचा धूर जिभेवर बसतो आणि कलिया फिका लागतो.

शाकाहारी मित्र सोबत बसणार असेल तर फॅमिली सेक्शन असलेलं हॉटेल बघा, तिथे वास आणि धूर कमी असतो. नुसता नान खाऊन बघायची त्याची इच्छा असेल तर नानवर वरून काय लावलंय, हे विचारूनच. नाहीतर त्याने चहावर राहावं. सोबत बाईमाणूस असती तरी हेच सांगितलं असतं. फॅमिली सेक्शन आणि अकराच्या आत परत, एवढं पाळलं की हा भाग काही अवघड नाही.

शुक्रवारचं गणित म्हणून एवढंच: सात गुलमंडी, आठला चालायला सुरुवात, नऊला बुढीलेन, दहा-सव्वादहाला पान.

पान उस्मानपुऱ्यात. तारा पान सेंटर प्रसिद्ध आहे आणि गर्दी पाहून घाबरू नका, रांग झपाट्याने सरकते. शब्द नीट वापरा. मसाला पान म्हणजे गुलकंद, बडीशेप, खोबरं, तंबाखू नाही. "एकशेवीस-तीनशे" म्हणजे तंबाखूचं. ते आकडे जर्द्याचे आहेत, भावाचे नाहीत. सवय नसलेल्या माणसाने गंमत म्हणून ते तोंडात घातलं की पाच मिनिटांत घाम, चक्कर आणि भर रस्त्यात खाली बसायची पाळी. बिनतंबाखू हवं हे तोंडाने सांगा, नुसतं बोट दाखवू नका. तिथे हजारोंच्या किमतीचीही पानं आहेत. ती फोटोपुरती राहू द्या. मगई जातीच्या पानाचं साधं मसाला पान खा, पानाची प्रत त्यातच कळते.

आता शनिवार, आणि तुमच्या प्रश्नातला 'नाइटलाइफ' हा शब्द. पुण्या-मुंबईसारखे पब शोधत असाल तर मोह सोडा. मोठ्या हॉटेलांचे बार आहेत, जालना रोडवर परमिट रूम आहेत, बसून दोन घोट घ्यायला हरकत नाही. कायद्याने बिअर-वाइनला वय २१ आणि कडक दारूला २५, ओळखपत्र जवळ ठेवा. पण त्यासाठी इतक्या दूर येण्याची गरज नव्हती. तरुण मंडळी संध्याकाळी सिडकोच्या कॅनॉट प्लेसला असतात, चाट, कॉफी, गप्पा, गाड्यांना टेकून उभं राहणं. शहराचं आजचं रूप बघायचं तर तासभर जा.

मी मात्र शनिवारची संध्याकाळ नाटकाला देईन. निराला बाजारात तापडिया नाट्यमंदिर आणि उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर, ही दोन नावं लक्षात ठेवा. पुण्या-मुंबईची व्यावसायिक नाटकं दौऱ्यावर इथे येतात ती बहुधा शनिवार-रविवारीच. पण या शहराची स्वतःची प्रायोगिक रंगभूमीही जिवंत आहे, आणि निवड करायची वेळ आली तर स्थानिक मंडळींचा प्रयोग निवडा. दौऱ्याचं नाटक नागपूरलाही येतं. शुक्रवारी सकाळी स्थानिक वर्तमानपत्रातला कार्यक्रमांचा कॉलम बघा, ऑनलाइन शोधण्यापेक्षा ते भरवशाचं. मराठवाडा साहित्य परिषदेच्या सभागृहातही संध्याकाळी व्याख्यानं, प्रकाशनं होत असतात, तिकीट नसतं. उर्दू समजत असेल आणि मुशायरा लागलेला असेल तर सोडू नका. वली दखनी आणि सिराज औरंगाबादी याच मातीतले. इथला श्रोता शेर अर्ध्यावर असतानाच दाद द्यायला तयार बसलेला असतो.

सातचं नाटक साडेनऊला सुटतं, म्हणून शनिवारचं जेवण बाजारपेठेत शोधू नका. बीड बायपासकडे जा. तिथे भाकरीची हॉटेलं उशिरापर्यंत चालू असतात आणि तिथेच तुमचा शाकाहारी मित्र आणि तुम्ही एका ताटावर बसू शकता. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, भरलं वांगं, शेवभाजी. शेवभाजी मूळ खानदेशची, पण इथे ती आता घरचीच झालीय. ऑर्डर देताना आधी भाकरी सांगा, मग भाजी निवडा. भाकरी थापून, तव्यावर पाणी फिरवून, निखाऱ्यावर फुगवायला वेळ लागतो, आणि पाच माणसांची ऑर्डर पुढे असेल तर वीस मिनिटं कुठेच गेली नाहीत. थापायला बाई चुलीपाशी दिसत असतील तर तिथे बसा. भाकऱ्यांची चवड फडक्यात गुंडाळलेली दिसली तर पुढच्या हॉटेलात. ठेचा आधी बोटाच्या टोकावर घेऊन चाखा, मराठवाड्याच्या ठेच्यात दाण्याचा कूट कमी आणि लसूण-मिरची जास्त असू शकते. येसर आमटी, धपाटे, भुरका हे घरचे पदार्थ, हॉटेलात मिळाले तर नशीब. लातूर-नांदेडकडची सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळेल, असंही धरून चालू नका.

मध्येच एक गोष्ट सांगतो. या शहराची खरी रात्र बघायची असेल तर ती तारखेने येते. नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा, पहाटे चारला अनवाणी देवीला निघालेले लोक. १३ एप्रिलच्या मध्यरात्री भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी लोटलेला निळा समुद्र. रमजानच्या शेवटच्या आठवड्यातलं शहागंज. पुढच्या वेळी कंपनीचं काम या तारखांना काढा.

रविवारची सकाळ. तीनची गाडी म्हणजे दोनला स्टेशन, म्हणजे दीडपर्यंत तुम्ही मोकळे. सोनेरी महालचं संग्रहालय, शहरभर विखुरलेले दरवाजे, जाफर गेटचा रविवारचा आठवडी बाजार, हिमरू या इथल्या विणलेल्या कापडाची खरेदी, सगळं एकदम जमणार नाही. शहराच्या उत्तर अंगाला एका ओळीत तीन गोष्टी आहेत, त्याच करा: औरंगाबाद लेणी, बीबी का मकबरा, पाणचक्की. रिक्षा स्पेशल ठरवा, थांबण्याच्या वेळेसकट भाडं बोला.

लेणी सर्वात आधी, उन्हाच्या आत. मकबऱ्यामागच्या डोंगरात आहेत, अजिंठा पाहिलेल्यांना वाटतं इथे काय असणार. सातव्या क्रमांकाच्या लेण्याच्या गाभाऱ्यात जा, डाव्या भिंतीवर नर्तकी आणि भोवती वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रियांचा पट आहे. आणि तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले भक्त, माणसाच्या उंचीचे, प्रत्येकाची केशरचना वेगळी. छोटी टॉर्च न्या, मोबाइलच्या उजेडात कोरीवकाम सपाट दिसतं. प्रकाश समोरून न टाकता बाजूने टाका, म्हणजे उठाव कळतो. दोन गटांमध्ये चालायला लागतं, म्हणून चप्पल नको, बूट.

मकबऱ्याला लोक "गरिबाचा ताज" म्हणून मोकळे होतात. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिच्यासाठी तिचा मुलगा आझमशहा याच्या देखरेखीत तो उभा राहिला. जवळ जाऊन भिंतीला हात लावा. खालच्या पट्ट्यात संगमरवर, मग घुमटापर्यंत काळ्या दगडावर गुळगुळीत चुन्याचा गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवराचा. संगमरवर जिथे संपतो ती रेषा शोधा, एवढ्याने ताजशी तुलना करायची सवय सुटते. गिलाव्यातली फुलं दगडात कोरलेली नाहीत, चुन्यात उठवलेली आहेत, आणि ती ज्या हाताने काढली तो हात वेगळाच तयार असतो. कबर वरच्या सज्जातून खाली वाकून बघायची असते, आत शिरून नाही.

पाणचक्कीत घाई करू नका. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणून इथे उंचावरून पाडलं, त्यावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. हौदाच्या कडेला उभे आहात त्याच्या पोटात एक मोठा दालनवजा सभामंडप आहे, हौदाचा तळ हेच त्याचं छप्पर. उन्हाळ्यात तो का थंड राहत असेल ते सांगायला नको. बाहेर पडलात की महमूद दरवाजा समोरच.

हिमरू घ्यायचीच असेल तर इथून पुढे वीस मिनिटं द्या, जास्त नाही. हिमरूत ताणा (उभे धागे) सुती आणि बाणा (आडवे धागे) रेशमी. किनखाबाची, म्हणजे भरजरी रेशमी कापडाची, परवडणारी नक्कल म्हणून ती रुजली. खऱ्या हातमागाच्या हिमरूची मागची बाजू बघा, तिथे नक्षीचे मोकळे धागे तरंगताना दिसतात. हातमागाची पैठणी मात्र उलट, पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी. पैठणी म्हणून दाखवलेल्या पदराच्या मागे कापलेल्या धाग्यांची दाढी असेल तर ती यंत्रमागाची. यंत्रमागाची घेण्यात पाप नाही, हातमागाच्या भावात घेण्यात आहे. तो पदर उलटा करून पाहू द्यायला दुकानदार कुरकुरला तर उठा.

जानेवारी आहे म्हणून हुरड्याचं कुणी तरी सुचवेलच. दौलताबाद-खुलताबाद रस्त्याला शेतांवर पार्ट्या असतात. सकाळी दहाला आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजून, हातावर चोळून, भुसकट फुंकून गरम दाणे पुढ्यात टाकतात. सोबत गूळ, दाण्याची चटणी, दही. दाणा दुधाळ असतानाच गंमत, टणक झाला की ते फक्त भाजलेलं ज्वारीचं पीक. गूळभेंडी किंवा सुरती आहे का, ते विचारा. पण यात अर्धा दिवस जातो. लेणी-मकबरा सोडून हुरड्याला जायचं असेल तर जा, दोन्ही एकाच सकाळी करायला गेलात तर गाडी चुकेल.

शेवटचं, गाडीत खायला कलिया न्यायचा असेल तर. पार्सलची प्लास्टिकची पिशवी घेऊ नका, गरम तर्री पिशवीच्या गाठीतून हमखास झिरपते आणि बॅगेतले कपडे जातात. झाकणाला रबर असलेला स्टीलचा डबा रविवारी सकाळीच बरोबर ठेवा, दुकानात तोच पुढे करा, काठाखाली दोन बोटं रिकामा भरायला सांगा. नान वेगळे, सुती फडक्यात किंवा कागदात, प्लास्टिकमध्ये कधीच नाही, वाफ धरून ते ओले होतात. दीडला स्टेशनरोडला निघताना घेतलंत तर पाच-साडेपाचपर्यंत खाऊन टाका. नान डब्याच्या गरम झाकणावर दोन मिनिटं ठेवलेत तरी बऱ्यापैकी मऊ होतात. आणि मित्रासाठी इमरतीचा पुडा वेगळा बांधून घ्या, कलियाच्या पिशवीत नको.